शाई कोणाच्या बोटाले

न्यू जर्सीच्या आमच्या घरात माणसं चार. आम्ही दोघं मोठे कामाच्या व्हिसावर, म्हणून इथं मत नाही. ज्यांना पुढं मिळणार आहे ते इथं जन्मलेले दोघं, ९ आणि ६ वर्षांचे. २०२४ च्या ५ नोव्हेंबरला पोरगा शाळेतल्या लुटुपुटूच्या मतदानाचं स्टिकर छातीवर लावून आला आणि म्हणाला, "आई, तू कुठे वोट करतेस?"

"दारव्हा तालुक्यात," मी ठोकून दिलं. तेही खोटंच. परदेशातल्या भारतीयाला गावच्या यादीत नाव ठेवता येतं, पण मत द्यायचं तर पासपोर्ट घेऊन त्याच केंद्रावर हजर व्हावं लागतं. त्याचा अर्जच मी कधी भरला नव्हता. माझं जुनं नाव तर केव्हाच कटलं.

पुढच्याच आठवड्यात चुलतभावाच्या लग्नासाठी गावी आलो आणि २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं. आदल्या संध्याकाळी ओसरीवर पोरगा आजीला शाळेत शिकलेलं सांगू लागला. अमेरिकेत मतदान मंगळवारी असतं, १८४५ च्या कायद्यानं. तेव्हा बहुतेक लोक शेतकरी. नोव्हेंबरात पीक घरात आलेलं, रविवारी चर्च, बुधवारी बाजार. घोडागाडीनं यायला मधला मंगळवार बरा.

आई हसली. "नोव्हेंबरात पीक घरात? तिकडच्या लोकाइले कापूस वेचा लागत नाही वाट्टे!"

खरं होतं. वेचणी ऐन भरात होती. मतदानाची भरपगारी सुट्टी कागदावर सगळ्यांना असते. किलोवर वेचणाऱ्या बाईचा तेवढ्या वेळाचा कापूस मात्र बुडतो. तरी बाया सकाळी सातलाच रांगेत लागतात, मत देऊन थेट वावरात.

पोरांना इतिहास सांगत बसण्यापेक्षा म्हटलं, खेळून दाखवू. रात्रीच्या जेवणाचं मतदान: वांग्याची भाजी की मॅगी? पहिली फेरी इंग्रजांच्या काळातली. जमीन, शेतसारा, शिक्षण असं काही असेल त्यालाच मत. हात वर झाला एकट्या बाबांचा. वांगी जिंकली. लेक रडायच्या बेतात. दुसरी फेरी स्वतंत्र भारताची, १९५१-५२ ची. आता आई, मी, काकू, सालगडी आणि त्याची बायको, सगळ्यांना मत. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह असायचं, म्हणून आम्ही दोन डबे मांडले. एकावर वांग्याचं चित्र, दुसऱ्यावर मॅगीचं रिकामं पाकीट.

त्या निवडणुकीच्या मतदारयादीतून जवळजवळ २८ लाख बायकांची नावं गळली होती, कारण त्यांनी आपलं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची माय' एवढंच लिहून दिलं होतं. काकू लगेच म्हणाली, "मी काकाची बायको!" मी तिला घरी पाठवली. यावर सगळ्यात मोठा हशा झाला, आणि सगळ्यात जास्त वेळ चर्चाही तिथंच रेंगाळली. नाव सांगायला लाजायचं कशाला, हे पोरांना काही केल्या पटेना. इथं उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाया त्यांनी पाहिल्याच कुठं होत्या!

"आणि आम्ही?" पोरानं विचारलं.

"तेव्हा २१ लागायचे. १९८९ पासून १८ झाले."

"मले बी २१ होयेपर्यंत थांबा लागलं," आई म्हणाली.

वांगी पुन्हा जिंकली. पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे आज मी तुझ्यासारखाच." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी भाकरी थापायला उठले.

सकाळी आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर थांबलो. आई आतून आली ती डाव्या हाताची तर्जनी वर धरूनच. नखावरून कातडीवर उतरलेली जांभळट रेघ. ही शाई १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यातून येते आणि तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, हे मी सांगितलं. पोरांना ती पुसून बघायची होती. साबण, राख, लिंबू, सगळं झालं. आजीनं बोट निमूटपणे पुढं धरलं होतं. पोराचं स्टिकर न्यू जर्सीतच वॉशिंग मशीनमध्ये गेलं होतं.

जानेवारीत व्हिडिओ कॉलवर शाई नखाच्या टोकाकडे सरकलेली दिसली.

"आजी," पोरगा ओरडला, "नख कापू नकोस!"