औषध चालू आहे का?

भूलशास्त्रात एमडी करताना माझ्या प्रबंधाचा विषय स्कोलिन होता. पुस्तकात त्याला सक्सिनिलकोलिन म्हणतात, ऑपरेशन थिएटरात मात्र सगळ्यांच्या तोंडी स्कोलिनच. श्वासनलिकेत नळी घालण्याआधी स्नायू सैल पडावेत म्हणून हे इंजेक्शन देतात. मिनिटभरात लागू होतं आणि पाच-दहा मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करून टाकतं. किलोला 1 मिलिग्रॅम ही नेहमीची मात्रा. 0.6 दिलं तर नळी नीट घालता येते का आणि श्वास किती लवकर परत येतो, एवढंच मला मोजायचं होतं. कुणाला कुठली मात्रा ते बंद लिफाफा ठरवायचा. सिरिंज माझी सहकारी भरायची, दोन्हींचं द्रावण सारख्याच मापाचं, म्हणजे मला ओळखू यायला नको.

नोव्हेंबर होता. सांगलीतल्या आमच्या रुग्णालयात तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार पित्ताशयातल्या खड्यांसाठी दाखल झाले. वय 42, वजन 70 किलो, लिव्हरचे रिपोर्ट चांगले. आदल्या संध्याकाळी त्यांच्या खाटेशी बसून मी मराठी माहितीपत्रक वाचून दाखवलं. मग फॉर्मवरचा प्रश्न विचारला, "सध्या कुठली औषधं चालू आहेत?" "न्हाई, कसलंच न्हाई," ते म्हणाले. मी 'नाही'वर खूण केली, त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी स्कोलिन दिलं, नळी छान गेली, मी स्टॉपवॉच सुरू केलं. मनगटाजवळच्या नसेवर नर्व्ह स्टिम्युलेटर लावलेला; त्याच्या झटक्याला अंगठा हलायला लागला की स्नायू जागे होताहेत असं समजायचं. दहा मिनिटं झाली, अंगठा हलेना. वीस झाली. सर्जनांनी दुर्बिणीचं काम सुरूही केलं, पोट सैलच होतं, त्यामुळे त्यांची काहीच तक्रार नव्हती. चाळिसाव्या मिनिटाला मी प्रबंधाच्या गाईडना, आमच्या सरांना, बोलावलं.

माझ्या मनात पहिली शंका सिरिंजची. जास्त भरलं गेलं असेल का? सरांनी व्हायल तपासली आणि लिफाफा फोडायला सांगितला. रुग्णाच्या जिवाशी गाठ असेल तर आंधळेपणा, म्हणजे मात्रेची ही लपवाछपवी, मोडायचा, हा अभ्यासाचा नियमच आहे. चिठ्ठीवर 0.6 होतं. म्हणजे जेमतेम 42 मिलिग्रॅम.

चूक नव्हती, तर मग एन्झाइमच कमी असणार. ते जन्मजात कमअस्सल असू शकतं; कॅलो आणि जेनेस्ट यांनी 1957 साली डिब्युकेन हे बधिर करणारं औषध वापरून ते ओळखायची चाचणी दिली, ती आम्ही पाठ केलेली. सरांनी विचारलं, "घरच्यांशी बोललीस?" मी बाहेर धावले.

त्यांची पत्नी व्हरांड्यात पिशवी धरून बसली होती. घरात कुणाला भूल दिल्यावर त्रास झाला होता का? नाही. काही गोळ्या, काढे? "ताई, गोळी कसलीच न्हाई. पर आठ दिस झालं बागंला औषध मारत्यात की. मिलीबगचं. परवा दिसभर ब्लोअरवरच हुते."

औषध. आमच्याकडे बागेला मारतात त्यालाही औषधच म्हणतात. मी 'चालू आहे का' विचारलं, ते पोटात घेण्याबद्दल समजून खरं तेच बोलले. डबा कसला ते मुलाला फोन करून विचारलं: क्लोरपायरीफॉस. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक, हेच एन्झाइम निकामी करणारं. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या असं विषबाधेचं एकही लक्षण त्यांच्यात नव्हतं, तरी स्कोलिन तोडायला लागणारं एन्झाइम पुरेसं उरलं नव्हतं.

उपाय एकच, थांबायचं. नेहमी स्नायू परत आणायला देतो ते निओस्टिग्मिन इथे चालत नाही, तेही याच एन्झाइमला रोखतं. व्हेंटिलेटर चालू ठेवला आणि सेव्होफ्लुरेन हा भुलीचा वायूही. हात हलत नसताना माणूस जागा झाला तर, या विचारानेच माझ्या पोटात गोळा येत होता. दोन तास दहा मिनिटांनी अंगठा किंचित हलला. दोन तास पन्नास मिनिटांनी पहिला श्वास. डोकं उचलून पाच सेकंद धरता आल्यावरच नळी काढली. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आला, कोलिनेस्टरेज फारच कमी. "काय आठवतंय का?" मी विचारलं. "तुम्ही मास्क लावलेला, तेवढंच." मी स्टूल ओढून तिथेच बसले.

24 तासांच्या आत एथिक्स कमिटीला कळवलं. एक मित्र म्हणाला, ही केस काढून टाक, सगळी सरासरी बिघडवतेय. सरांनी स्पष्ट नकार दिला. लिफाफ्याने गटात आलेला रुग्ण गटातच राहणार. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्यायचा आणि ही केस वेगळी, पूर्ण लिहायची. मला ते तेव्हाही पटलं, आजही पटतं. अशी आकडेवारी घासून गुळगुळीत केली असती तर तासगाव, कवठेमहांकाळच्या पुढच्या बागायतदाराला तिचा काय उपयोग?

फॉर्ममध्ये बदल सुचवला, कमिटीने मंजूर केला. नवा प्रश्न असा: 'शेतात, बागेत औषध मारता का? शेवटचं कधी, कुठलं?' तो विचारायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात हर्नियाच्या एका रुग्णाने बोटं मोजली आणि म्हणाला, "आज सकाळीच की. गाडी यायच्या आधी दोन टाक्या मारून आलोय."

त्याला आम्ही स्कोलिन दिलं नाही.