‘तू’ म्हणजे कोण?

कवितासंग्रहाच्या संपादनाला मी शिसपेन्सिलच वापरते. पेनाची खूण कवीला निकालासारखी वाटते. पेन्सिलीची पुसता येते, म्हणून तिच्यावर बोलता येतं. त्या दिवशी सकाळपासून दुपार उलटेपर्यंत आम्ही दोघी माझ्याच खुणा पुसत बसलो होतो.

हस्तलिखितात 52 कविता होत्या. कवयित्री साठीच्या आसपासच्या. नवरा गेल्यानंतरच्या काळातल्या 41, आणि पुढच्या 11 ज्या माणसाबरोबर त्या आता राहतात त्याच्यासाठी. मी सरळ दोन विभाग पाडले होते. त्यामागे छपाईचा हिशेबही होता. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापलं जातं, सात फर्मे म्हणजे 112 पानं, आणि सगळं बसवून एक पान कोरं उरत होतं. ते मी दोन विभागांच्या मध्ये ठेवलं. शोक संपला, कोरं पान आलं, ते उलटलं की प्रेम सुरू. वाचकाला श्वास घ्यायला जागा. मला ही मांडणी फार पटली होती.

ताई आल्या तेव्हा तेही बरोबर होते. “हे बाहेर बसतील,” असं म्हणून त्या आत आल्या, चष्मा लावला आणि पहिलंच वर्तुळ त्यांना दिसलं.

‘तू’भोवती मी सात ठिकाणी वर्तुळं काढली होती आणि समासात प्रत्येकापुढे लिहिलं होतं, ‘कोण?’

मराठीत ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ यांत गल्लत होत नाही, क्रियापदच सांगून टाकतं. पण इथे दोघेही पुरुष. ‘तू आलास’ म्हटलं तर कोण आला? काळाचाही उपयोग नाही, कारण जिवंत माणूसही काल आलेला असतो. ‘तू असतोस’ आणि ‘तू असायचास’ एवढाच काय तो फरक उरतो, आणि नेमका तिथेच घोळ होता. गेलेल्या माणसाला त्या ‘असतोस’ म्हणत होत्या, आणि बाहेर बसलेल्या माणसाला एका कवितेत चक्क ‘असायचास’ म्हटलं होतं.

त्यांनी एकेक वर्तुळ पाहिलं. पाच ठिकाणी सांगितलं, हा तो, हा हा. उरलेल्या दोन ठिकाणी थांबल्या.

“इथे मला माहीत नाही.”

“लिहिताना माहीत होतं का, ताई?”

“लिहिताना तर मुळीच नाही.”

सर्वनाम कुणाचं हे कळत नसेल तर तो आळस, असं मी नव्या कवींना कायम सांगत आले आहे, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण इथे आळस नव्हता. एकाच मनात दोघे जण एकाच ‘तू’ला ओ देत होते आणि या बाईंनी त्यांतल्या एकाला गप्प केलं नव्हतं, इतकंच. ती दोन वर्तुळं मी पुसली.

मलपृष्ठाच्या मजकुरासाठी मी काही टिपणं काढून ठेवली होती. ती वाचून दाखवायला लागले. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गातला अजविलाप. राणी इंदुमती गेल्यावर राजा अज मुलासाठी म्हणून कशीबशी आठ वर्षं काढतो आणि मग देह सोडून तिच्याकडे जातो.

ताई म्हणाल्या, “कॉलेजात शिकले होते मी ते. तेव्हा वाटलं, हेच खरं प्रेम. अजाने आठ काढली. माझी अकरा झाली, मग मी मोजणं सोडलं. कवितेत शोक करणाऱ्याला पुढे जगायची वेळच येत नाही हो. मला आली.”

मग इंग्रज कवी थॉमस हार्डी. त्याची पत्नी एमा 1912 च्या नोव्हेंबरात वारली. एका छपराखाली राहूनही दोघं कित्येक वर्षं एकमेकांपासून दुरावली होती. ती गेली आणि त्याच्यातून कवितांचा लोंढा सुरू झाला. ज्या समुद्रकाठी ती दोघं तरुणपणी भेटली होती तिथे जाऊन आला, लिहीत राहिला. 1914 च्या फेब्रुवारीत त्याने फ्लॉरेन्सशी लग्न केलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एमावरच्या त्या कविता पुस्तकात आल्या. फ्लॉरेन्सला ते पुस्तक फार लागलं. हार्डीचा तो कवितागुच्छ मी पुन्हा पुन्हा वाचते, त्याच्या तोडीचं शोककाव्य मला फार थोडं माहीत आहे. पण तो वाचताना फ्लॉरेन्स मनातून जात नाही.

“तिला आधी दाखवल्या असतील का त्याने?” ताईंनी विचारलं आणि दाराकडे पाहिलं.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो चीनचा कवी सू शी. पत्नी वांग फू 1065 मध्ये गेली. पुढे त्याने तिच्याच चुलत बहिणीशी लग्न केलं, आणि 1075 मध्ये, दुसरा संसार चालू असताना, पहिलीच्या स्वप्नाची कविता लिहिली. स्वप्नात ती लहानशा खिडकीशी बसून वेणीफणी करते आहे. दोघं एकमेकांकडे बघतात, बोलत नाहीत, नुसते डोळे वाहतात. दहा वर्षांनी! आणि हाच सू शी मेल्यावर पुरला गेला तो दुसरीशेजारी, त्याने तसं आधीच लिहून ठेवलं होतं. कविता एकीला, कबर दुसरीबरोबर. दोन्ही खरं.

ताई काही बोलल्या नाहीत. हस्तलिखित ओढून घेऊन त्यांनी 44 वी कविता काढली. तिथे मी लिहिलं होतं, ‘दाराची कडी – 9 व्या कवितेतही आहे. पुनरुक्ती. एक काढावी.’

नवव्या कवितेत नवरा उशिरा घरी यायचा म्हणून त्या आतून कडी लावत नसत, आणि तो गेल्यावरही कित्येक रात्री लावत नव्हत्या. 44 व्या कवितेचा शेवट असा आहे:

रात्री कडी लावली कुणीतरी.
घरात आता दोन माणसं होती
आणि बाहेर एक.

मी या ओळी आधी निदान चार वेळा वाचल्या होत्या. चारही वेळा मला फक्त ‘कडी’ हा शब्द दुसऱ्यांदा आलेला दिसला. शब्द मोजण्याच्या सवयीने डोळ्यांवर किती जाड पडदा येतो, हे त्या क्षणी कळलं आणि मनापासून वाईट वाटलं. मी ताईंना तसं सांगितलंही. मधलं कोरं पान तेव्हाच हललं. त्या म्हणाल्या, “ते शेवटी जाऊ द्या. मध्ये भिंत नको.” विभागही गेले. आता कविता लिहिल्या त्या क्रमाने येणार होत्या.

मीच मग म्हटलं, त्यांना आत बोलवा. ते आले, खुर्चीच्या कडेला बसले. ताईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी ओठ हलवत सावकाश वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ती रात्र आठवते मला,” ते म्हणाले. “तू उठून बसलीस. मग मी जाऊन कडी काढली. ते नाही यात.”

माझी पेन्सिल आपोआप उचलली गेली. कडी काढणारा हात! कवितेला याहून सुंदर शेवट कुठून मिळणार? मी विचारलं, “ताई, एक ओळ घ्यायची का?”

ताईंनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं. “नको. ते लिहिलं की बाहेरचा आत आल्यासारखं होईल. तो आलेला नाही.”

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांना काय वाटतंय ते बघायला.

“नकोच,” ते म्हणाले. “कडी मी काढली ते हिला माहीत आहे.”

मी तिन्ही ओळींखाली टिंबं दिली, समासात ‘आहे तसं ठेवा’ लिहिलं, आणि आम्ही 45 व्या कवितेवर गेलो. तिथे एक अनुस्वार राहिला होता.