2017 चा ड्राफ्ट मी पुन्हा मांडला

27 एप्रिल 2017 ची रात्र. फिलाडेल्फियात एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट चालू होता आणि शिकागोजवळच्या आमच्या घरी मी टीव्हीसमोर उभा होतो, बसवतच नव्हतं. आमच्या शिकागो बेअर्स संघाची पाळी तिसरी होती. ऐन वेळी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोशी अदलाबदल करून दुसरी पाळी घेतली आणि मिचेल ट्रुबिस्कीचं नाव पुकारलं गेलं. कॉलेजात जेमतेम 13 सामन्यांत पहिल्यापासून खेळलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू. त्यानंतर आठ पाळ्यांनी, दहाव्या जागी, कॅन्सस सिटीने दुसरा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला उचललं, आणि पुढे तोच सगळ्यांत मोठा ठरला.

ही सल वर्षानुवर्षं मनात राहिली. शेवटी ठरवलं, नुसतं हळहळत बसण्यापेक्षा त्या वर्षीची सगळी मुलं आजच्या नजरेने नीट क्रमाने लावून बघायची.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: कॉलेजातून येणारे खेळाडू 32 संघ पाळीपाळीने निवडतात आणि आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला पहिली पाळी मिळते. 2017 साली सात फेऱ्यांत 253 जण निवडले गेले. मी त्यांतली सत्तरेक नावं जाड कार्डांवर लिहिली, कोपऱ्यात मूळ क्रमांक टाकला आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. 2024 चा सीझन संपेपर्यंतचा खेळच धरायचा, हा एक नियम पक्का केला.

पहिली जागा लावायला क्षणही लागला नाही. तीन सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकलेले, दोनदा एमव्हीपी म्हणजे वर्षातला सर्वांत मोलाचा खेळाडू, महोम्सच. दुसऱ्या जागेने मात्र आठवडा खाल्ला. माइल्स गॅरेट खरोखरच पहिला निवडला गेला होता, टी. जे. वॉट तिसावा. क्वार्टरबॅकला चेंडू टाकण्याआधीच लोळवणं म्हणजे सॅक. त्यात वॉट 108 आणि गॅरेट 102.5. दोघंही एकेकदा वर्षातले सर्वोत्तम बचावपटू ठरलेले. आकडा वॉटचा मोठा, तरी मी गॅरेटला वर ठेवलं. त्याच्या पहिल्या वर्षी त्याचा संघ क्लीव्हलँड सोळाच्या सोळा सामने हरला. पिछाडीवर असलेल्या संघाविरुद्ध समोरचे धावत खेळून वेळ काढतात, म्हणजे सॅकची संधीच कमी. अशा संघातून शंभरी गाठणं मला जास्त अवघड वाटतं.

चौथा जॉर्ज किटल, जो मूळ यादीत 146 वा होता. पाचवा ख्रिश्चन मॅकॅफ्री. कूपर कपचं 2021 चं वर्ष (145 झेल, 1,947 यार्ड, 16 टचडाउन) स्वप्नवत होतं, पण त्याची बरीच वर्षं दुखापतींनी खाल्ली, म्हणून तो सातवा. जॉन रॉस 40 यार्ड 4.22 सेकंदांत धावला म्हणून नववा गेला होता. माझ्या पहिल्या 32 मध्ये तो नाही. डेशॉन वॉटसनही नाही. त्याची पहिली वर्षं मला आठवतात, पण दोन डझनांहून जास्त स्त्रियांचे आरोप आणि 11 सामन्यांची बंदी बाजूला सारून त्याला वर बसवायला माझं मन धजलं नाही.

खरा अडलो सहाव्या जागेवर. रायन रॅमचेक, मूळ क्रमांक 32, न्यू ऑर्लिन्सचा राइट टॅकल, म्हणजे उजव्या बाजूने क्वार्टरबॅकला आडोसा देणारा. हा मुलगा एके काळी फुटबॉल सोडून वेल्डिंग शिकायला निघाला होता. टॅकलच्या नावावर ना धावा, ना झेल. मग तो मोजायचा कसा? माझा भाचा शाळेच्या संघात याच जागी खेळायचा, त्याला बोलावलं. जुना सामना लावला, तर तो म्हणाला, "मामा, तू बॉलकडे बघतोयस. याच्या पायांकडे बघ."

मग पायांकडे बघितलं. बचावपटू बाहेरून झेपावतो, तेव्हा रॅमचेक तिरका मागे सरतो. गुडघे वाकलेले, पाठ ताठ, हात छातीशी आवरलेले. तो घाई करत नाही. समोरच्याने अंग झोकलं की मगच दोन्ही तळवे त्याच्या छातीवर. समोरचा स्वतःच्याच वेगाने क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातो, तोवर चेंडू सुटलेला असतो. आम्ही तोच डाव दहा-बारा वेळा मागे नेऊन बघितला. 2019 साली तो ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात का होता, ते त्या रात्री कळलं. गुडघ्याने दगा दिला नसता तर मी त्याला आणखी वर नेलं असतं.

आणि मग शिकागो. इथे मला माझं जुनं मत सोडावं लागलं. महोम्सला कॅन्सस सिटीत ॲलेक्स स्मिथच्या मागे अख्खं वर्ष शिकायला मिळालं, डोक्यावर अँडी रीडसारखा प्रशिक्षक. आमच्याकडे ट्रुबिस्कीला पाचव्याच सामन्यात उतरवलं आणि सीझन संपताच मुख्य प्रशिक्षक जॉन फॉक्सला काढलं. त्या घाईत महोम्स असाच घडला असता, असं मी आता छातीठोकपणे म्हणणार नाही. माझा राग उरला तो दिलेल्या किमतीवर. एकच जागा वर सरकण्यासाठी 67 वी पाळी, 111 वी पाळी आणि पुढच्या वर्षीची तिसरी फेरी! त्यातली 67 वी सॅन फ्रान्सिस्कोकडून न्यू ऑर्लिन्सकडे गेली आणि तिच्यावर आला ॲल्व्हिन कमारा, चेंडू घेऊन धावणारा नावाजलेला खेळाडू. बरं, पारख नव्हती असंही नाही. त्याच बेअर्सनी 112 व्या पाळीला एडी जॅक्सन शोधला, जो पुढच्याच वर्षी ऑल-प्रो झाला.

शेवटी सगळ्या अदलाबदली रद्द धरून मूळ पाळ्यांप्रमाणे कार्डं मांडली. क्लीव्हलँडला महोम्स, सॅन फ्रान्सिस्कोला गॅरेट, तिसऱ्या जागी शिकागोला वॉट. भाचा क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "मग 2018 मध्ये बचावपटू खलील मॅकसाठी दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या द्यायची गरजच नव्हती."

मी दोन कोरी कार्डं घेतली, त्यांवर 2019 आणि 2020 लिहिलं आणि वॉटच्या शेजारी ठेवली. 67 चं कार्डही तिथेच होतं.