जामीनदाराची चौकट

आज पुन्हा दिवाळखोरीचा अर्ज उघडला आणि पुन्हा त्याच चौकटीपाशी अडले. कर्ज किती, कुणाचं, कधीपासून थकलंय, सगळं मुकाट लिहून झालं. ‘जामीनदार’ म्हणून दादाचं नाव लिहायला मात्र हात उठेना.

वकीलबाईंनी काल अगदी सहज सांगितलं. दिवाळखोरीतून कर्जमुक्ती मिळाली की मी सुटणार, जामीनदार सुटत नाही. उरलेली रक्कम बँक त्याच्याकडे मागणार. म्हणजे बुडायचं मी आणि नाकातोंडात पाणी दादाच्या. विचारलं, ते एकच कर्ज आधी फेडून टाकू का? तेही नाही. अर्जाच्या तोंडावर एकाला झुकतं माप दिलं, तर ते पैसे परत मागवता येतात.

सही करताना त्यानं कागद वाचलासुद्धा नव्हता. ‘कुठं करू?’ एवढंच. पेन उठत नव्हतं म्हणून दोनदा गिरवली. हे नेमकं आत्ताच कशाला आठवायचं!

उत्पन्नाच्या रकान्याची आणखीनच तऱ्हा. मागच्या 6 महिन्यांची सरासरी हवीय. हंगाम संपल्या संपल्या लिहिली असती तर मी चांगली खातीपिती दिसले असते; आता लिहिली तर पार कंगाल. दोन्ही खरंच. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण माझं अंथरूण अर्धं वर्ष गादी, अर्धं वर्ष सतरंजी. रिकामे महिने कार्डावर काढायचे, हंगामात फेडायचे, असं बरं चाललं होतं. मग तो एक हंगाम हातचा गेला, पहिल्या कार्डासाठी दुसरं घेतलं, आणि… जाऊ दे.

पर्यटकांना दिवसभर ‘पाय जपून टाका’ सांगणारी मी!

मालमत्तेची यादी दोन ओळींत आटोपली. दुर्बीण लिहिली, ती कामाची वस्तू, तिला बहुतेक हात लावणार नाहीत, वकीलबाई म्हणाल्या. ट्रेकचे बूटही लिहू का, विचारलं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. तळ उघडलेला. दोघी हसलो. कितीतरी दिवसांनी.

दादाच्या घरी नोटीस जाणारच आहे. तिच्याआधी माझा फोन जायला हवा. पहिलं वाक्य तेवढं ठरवलंय: ‘दादा, तुझा पूर्ण पत्ता सांग रे.’

पत्ता मला पाठ आहे.