हार्टफर्डचे ‘ओल्ड मॅन’ आणि त्यांचं रोज बोलणारं स्टेशन

२ सप्टेंबर हा हिरम पर्सी मॅक्सिम यांचा वाढदिवस. जन्म १८६९ चा, ब्रुकलिनचा. वडील मशीनगनचे जनक, स्वतः बंदुकीच्या सायलेन्सरचे. पण हॅम मंडळी, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारे, त्यांना ओळखतात ती कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावच्या रेडिओ क्लबचे म्होरके म्हणून. त्यांच्या स्मरणार्थ उभं केलेलं स्टेशन अजून चालू आहे आणि पुण्यातल्या गच्चीवरून ते ऐकता येतं. म्हणून आधी माणसाबद्दल, मग ते स्टेशन पकडायचं कसं त्याबद्दल.

त्या काळची अडचण नीट समजली तरच मॅक्सिम यांचं मोठेपण कळतं. अमेरिकेच्या १९१२ च्या रेडिओ कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकललं, म्हणजे १५०० किलोहर्ट्झ आणि वर. ताकदीची मर्यादा १ किलोवॅट. ठिणगीच्या ट्रान्समीटरमध्ये लहर आखूड करायची तर कपॅसिटर लहान ठेवावा लागतो, साधारण ०.००८ मायक्रोफॅरडचा. तो २०,००० व्होल्टपर्यंत भरला तर एका ठिणगीला १.६ जूल ऊर्जा मिळते. ६० सायकलच्या विजेवर साध्या गॅपमध्ये, म्हणजे ठिणगी उडते त्या फटीत, सेकंदाला १२० ठिणग्या धरल्या, तर हिशोब १९० वॅटच्या आसपास येतो. परवानगी किलोवॅटची आणि हातात जेमतेम पाचवा हिस्सा!

यावर उपाय म्हणजे फिरता गॅप. मोटरवर चकती, चकतीवर धातूचे खुंट, समोर स्थिर इलेक्ट्रोड. ठिणग्या सेकंदाला कित्येक शे. शिवाय खुंट हवेत फिरून थंड होतात. साधा गॅप तापला की ठिणगी तुटत नाही, आर्क धरून ठेवते. मग कपॅसिटर भरतच नाही आणि ट्रान्सफॉर्मर नुसता गुरगुरत बसतो. मॅक्सिम यांचा ‘ओल्ड बेट्सी’ याच जातीचा, तो एआरआरएलच्या, म्हणजे त्यांनीच पुढे उभारलेल्या अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या, मुख्यालयात जपून ठेवलेला आहे. त्या काळचा आणखी एक नेहमीचा घोळ कपलिंगचा. दोन गुंडाळ्या फार जवळ आणल्या की सिग्नल एकाऐवजी दोन फ्रिक्वेन्सींवर फाटतो आणि आसपासच्या सगळ्यांचं ऐकणं बंद पडतं.

एप्रिल १९१४ मध्ये मॅक्सिम यांना सुमारे ३० मैलांवरच्या स्प्रिंगफील्डला निरोप द्यायचा होता. स्टेशन किलोवॅटचं, तरी निरोप काही पोचेना. मधल्या विंडसर लॉक्समध्ये त्यांच्या ओळखीचा एक हौशी होता. त्याने निरोप घेतला आणि पुढे दिला. काम झालं. दुसरा कुणी एवढ्यावर खूश होऊन झोपला असता. मॅक्सिम यांनी ही गोष्ट क्लबच्या बैठकीत मांडली: असे टप्पे देशभर बांधले तर? क्लबने मान डोलावली. विशीही न गाठलेला क्लॅरेन्स टस्का सोबतीला घेऊन चव्वेचाळिशीच्या या इंजिनिअरने अर्ज छापले, गावोगावच्या हौशींना धाडले आणि त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी राहिली. डिसेंबर १९१५ मध्ये ‘क्यूएसटी’ मासिकाचा पहिला अंक निघाला. ६ फेब्रुवारी १९१७ च्या रात्री न्यूयॉर्कचा निरोप टप्प्याटप्प्याने लॉस एंजेलिसला गेला आणि उत्तर परत आलं, सगळं मिळून १ तास २० मिनिटांत.

हे जमतं कशामुळे, हे आज नव्याने नेट (ठरलेल्या वेळी हवेत भरणारी हॅमची बैठक) चालवणाऱ्या क्लबांनी जरूर पाहावं. निरोपाच्या डोक्यावर क्रमांक, तातडी, मूळ स्टेशन, ‘चेक’, गाव, वेळ आणि तारीख असते. त्यातला ‘चेक’ म्हणजे मजकुरातल्या शब्दांची संख्या. पत्ता आणि सही त्यात धरायची नाही. पूर्णविरामाच्या जागी ‘एक्स’ हे अक्षर पाठवायचं आणि तो एक शब्द मोजायचा. घेणाऱ्याने शब्द मोजायचे. चेक १२ आणि कागदावर ११ भरले, तर पावती द्यायचीच नाही. सगळा निरोप पुन्हा मागायची गरज नसते. ‘डब्ल्यूए’ आणि अमुक शब्द पाठवला की त्या शब्दापुढचा शब्द मिळतो, ‘डब्ल्यूबी’ पाठवलं की त्याच्या आधीचा. बहुतेक चुका घाईत ‘रॉजर’, म्हणजे ‘सगळं मिळालं’, म्हटल्याने होतात. एका टप्प्यावर गळलेला शब्द पुढच्या चौघांना कुठून मिळणार? आणि मजकुरातलं चुकीचं स्पेलिंग आपल्या मनाने सुधारू नये. जसं आलं तसं पुढे द्यावं.

युद्धामुळे एप्रिल १९१७ मध्ये सगळी हौशी स्टेशनं बंद झाली. युद्ध संपल्यावरही नौदलाला रेडिओचा ताबा सोडायचा नव्हता. मॅक्सिम वॉशिंग्टनला जाऊन हौशींच्या बाजूने ठामपणे उभे राहिले आणि १९१९ मध्ये बंदी उठली. आज आपल्याकडे चक्रीवादळात किंवा पुरात हॅमना बोलावलं जातं, त्या परंपरेत त्या भांडणाचाही वाटा आहे. १९२५ मध्ये पॅरिसला हौशींची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. हवेतल्या बेशिस्तीवर ‘क्यूएसटी’त ‘द ओल्ड मॅन’ या नावाने खरपूस लिहिणारा कोण, हे त्यांच्या मृत्यूनंतरच सर्वांना कळलं. इतक्या मोठ्या पदावरच्या माणसाने ते श्रेय हयातीत घेतलं नाही, हे फार भावतं.

१७ फेब्रुवारी १९३६ रोजी, रेल्वे प्रवासात आजारी पडल्यावर, कोलोरॅडोतल्या ला हुंटा इथे ते गेले. पुढच्याच महिन्यात कनेटिकट नदीच्या पुरात लीगचं मुख्य स्टेशन पाण्याखाली जाऊन निकामी झालं. नवं स्टेशन न्यूइंग्टनला बांधलं, त्याला मॅक्सिम यांचाच कॉलसाइन (हवेतलं ओळखनाव) दिला, डब्ल्यू-१-एडब्ल्यू, आणि २ सप्टेंबर १९३८ ला, त्यांच्या जन्मदिवशी, ते सुरू झालं. मोर्स शिकणाऱ्यांसाठी सराव आणि हॅमसाठी बातमीपत्र, हे त्याचं रोजचं काम.

आता ऐकायचं कसं ते. मोर्सच्या फ्रिक्वेन्सी ७०४७.५, १४०४७.५, १८०९७.५, २१०६७.५ आणि २८०६७.५ किलोहर्ट्झ. महाराष्ट्रातून सुरुवात १४०४७.५ वर करावी. तिथल्या सकाळी ९ चा सराव मंगळवार ते शुक्रवार असतो; आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे ६:३०, हिवाळ्यात ७:३०. तिथल्या संध्याकाळी ७ चा सराव आपल्याकडे पहाटे ४:३० किंवा ५:३० ला पडतो. या दोन वेळा आधी पाहा. आपल्या भर दुपारी हाती काही लागण्याची आशा कमी.

सीडब्ल्यू (मोर्स ऐकायचा) मोड नसलेला रिसीव्हर असेल तर यूएसबी, म्हणजे ‘अप्पर साइडबँड’ मोडवर १४०४६.८ लावा, म्हणजे ७०० हर्ट्झचा सूर ऐकू येईल. एएमवर ठेवलं तर सूर येणारच नाही, नुसता आवाज दबल्यासारखा होईल. ‘स्टेशन लागत नाही’ या तक्रारीचं मूळ बरेचदा इथेच असतं. साधा आरटीएल डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) २४ मेगाहर्ट्झच्या खाली बहिरा असतो, त्याला डायरेक्ट सॅम्पलिंगची सोय किंवा फ्रिक्वेन्सी वर चढवून देणारा अपकन्व्हर्टर हवा.

अँटेनाला साधा डायपोल पुरतो: एकूण १०.१८ मीटर तार, मधोमध कापून प्रत्येक हात ५.०९ मीटर. आधी १५ सेंटीमीटर जास्तच ठेवा आणि नंतर छाटा. न्यूइंग्टन पुण्याहून सुमारे १२,५०० किलोमीटर, दिशा ३३४ अंश. डायपोल तारेच्या काटकोनात ऐकतो, म्हणून तार ६४ ते २४४ अंशांच्या रेषेत, म्हणजे ढोबळमानाने पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य ताणायची. ही वाट ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते, ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याला लागून. त्यामुळे चुंबकीय वादळ असेल, म्हणजे त्याची तीव्रता सांगणारा के-इंडेक्स ५ च्या वर असेल, तर सूर थरथरतो किंवा गायब होतो. त्या दिवशी अँटेनाला हात लावू नका, दोन दिवस थांबा.

शहरात खरा शत्रू घरातच असतो: एलईडी दिवे, लॅपटॉपचा चार्जर, इन्व्हर्टर. रिसीव्हर १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या आणि घरचा मेन स्विच बंद करा. आवाज एकदम पडला तर खोट आपल्याच घरात; मग एकेक एमसीबी वर करत चोर पकडा. तरीही तसाच राहिला तर अँटेना भिंतीपासून आणि वायरिंगपासून दूर न्या आणि कोॲक्सवर (अँटेनाच्या केबलवर), डायपोलच्या तोंडाशी, फेराइटचे मणी चढवा.

संथ सराव मिनिटाला ५, ७.५, १०, १३, १५ शब्द या क्रमाने जातो. संथ वेगातही अक्षर झपकन येतं, मधली जागा तेवढी जास्त असते. त्यामुळे डिट-डा (मोर्सचे टिंब आणि रेघ) मोजायची सवय लागत नाही. ती लागली की १० शब्दांच्या पुढे गाडं अडतं. सुटलेल्या अक्षराच्या जागी आडवी रेघ मारा आणि पुढे व्हा. ते आठवत बसलात की मागची चार जातात.

हात बसला की ‘क्वालिफाइंग रन’ची तारीख पाहून ठेवा. ही परीक्षा हवेतूनच होते. किमान १० शब्दांच्या वेगाला सलग एक मिनिट बिनचूक उतरवायचं, तेवढ्या मजकुराखाली रेघ ओढायची, कुणाच्याही मदतीशिवाय उतरवल्याचं खाली लिहून सही करायची आणि कागद न्यूइंग्टनला पाठवायचा. तपासून बरोबर निघाला तर प्रमाणपत्र येतं.