छिंदवाड्याची छोटी लाइन शोधायची कुठे?

नागपूरच्या इतवारीहून छिंदवाड्याला जाणारी नॅरोगेज 2015 च्या अखेरीस बंद झाली आणि पुढे त्याच वाटेवर ब्रॉडगेज आली. आता पाहण्यासारखं काही उरलं नाही, असं बरेच जण धरून चालतात. सरळ पट्ट्यांत बहुतेक ठिकाणी ते खरंही आहे, तिथे नव्या कामात जुना भराव जिरून गेलाय. शोध घ्यायचा तो वळणांवर. रुळांत फक्त 762 मिलिमीटर अंतर असलेली ही गाडी जी आवळ वळणं घ्यायची, ती ब्रॉडगेजला चालत नाहीत. मग नवी लाइन जुनीला सोडून सरळ निघते आणि जुना तुकडा बाजूला पडून राहतो. भंडारकुंड–भिमालगोंदीचा घाट त्यासाठी सगळ्यात चांगला.

आधी गूगल अर्थवर 2015 पूर्वीचं चित्र लावा, जुनी लाइन आखून घ्या, मग आजचं चित्र आणा. दोन्ही जिथे फुटतात तिथे खूण करा.

जागेवर गेल्यावर फसगत होते ती कालव्याच्या बांधामुळे आणि पांदणीमुळे, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेमुळे. रेल्वेच्या भरावाचा माथा साधारण 12 फुटांचा, चढ एकसारखा, कुठेही अचानक खालीवर नाही. दोन्ही बाजूंना माती काढल्याचे उथळ खड्डे दिसतात आणि गवताखाली धारदार काळी खडी लागते. पांदणीवरचा दगड चाकांखाली गुळगुळीत झालेला असतो.

खरा ऐवज मोऱ्यांचा, म्हणजे लाइनखालच्या छोट्या पुलांचा. रूळ, स्लीपर, गर्डर भंगारात जातात, दगडी बांधकाम मात्र टिकतं. गर्डर टेकायचे दगड शोधा, त्यांच्यातलं अंतर टेपने मोजा, टेप फोटोत येऊ द्या. पुलाचा क्रमांक, कोरलेलं साल, दगडांमधले चुन्याचे सांधे, सगळं टिपून ठेवा. ही नोंद आज झाली नाही तर पुढे कुणालाच करता येणार नाही.

कुंपणाला, फाटकाला खांब म्हणून उभे केलेले जुने रूळ सोडू नका. रुळाच्या उभ्या पाटीवर कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. कोरड्या ब्रशने माती झाडा, सावली करून टॉर्च आडवा धरा, अक्षरं उठून दिसतात. खरवडू नका. आणि ते साल रूळ घडवल्याचं असतं, लाइन टाकल्याचं नव्हे. मुख्य लाइनवरचे जुने रूळ काढून छोट्या लाइनला वापरायची पद्धत होती. यावरून लाइनचं वय काढणारे हमखास चुकतात.

नजर तयार व्हायची असेल तर आधी नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय बघा. 2002 मध्ये सुरू झालंय, इंजिनं जवळून पाहता येतात.

गाडी बंद झाली तरी जमीन रेल्वेचीच. विनापरवाना शिरल्यास रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पडलेला खिळा उचलणं तर 1966 च्या रेल्वे मालमत्ता कायद्यात अडकवतं. फोटो रस्त्यावरून, फाटकावरून घ्या. आत जायचं असेल तर लेखी परवानगी काढा.

फेब्रुवारी–मार्च बरा. पावसाळ्यात घाणेरी माजते, मेमध्ये दगड हात लावू देत नाही. मोरीत वाकण्याआधी काठी आपटा, तिथे साप असतात.