‘नोइंगली’: जाणीव आणि हेतू यांमधले अंतर

इंग्रजीतील ‘नोइंगली’ या क्रियाविशेषणाला आपण सर्रास ‘जाणूनबुजून’ हा प्रतिशब्द देतो. पण त्यात मुद्दामपणाची जी छटा येते ती मूळ शब्दात असेलच असे नाही. आपण काय करत आहोत याची कर्त्याला जाणीव आहे, एवढेच तो शब्द सांगतो. तसे घडावे अशी त्याची इच्छा होती का, हा प्रश्न तो खुला ठेवतो. म्हणून ‘जाणतेपणी’ मला अधिक जवळचा वाटतो.

कायद्यात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील १९६२ च्या आदर्श दंडसंहितेत (राज्यांनी कायदे करताना आधार घ्यावा म्हणून केलेल्या नमुना मसुद्यात) ‘पर्पजली’ म्हणजे हेतुपूर्वक आणि ‘नोइंगली’ या दोषाच्या स्वतंत्र पायऱ्या आहेत. विम्याच्या पैशासाठी विमानातील माल स्फोटाने नष्ट करणाऱ्याचा उद्देश प्रवाशांना मारण्याचा नसतो, परंतु ते मरणार हे त्याला पक्के ठाऊक असते. त्यांच्या मृत्यूबाबत त्याला दुसरी पायरी लागू होते. शिवाय वाक्यात या शब्दाचा अंमल कुठपर्यंत पोहोचतो, हाही वादाचा विषय आहे. दुसऱ्याचे ओळखचिन्ह (उदाहरणार्थ, ओळखक्रमांक) ‘नोइंगली’ वापरले असे म्हणताना, ते दुसऱ्या खऱ्या व्यक्तीचे आहे हेही आरोपीला माहीत असायला हवे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. एका क्रियाविशेषणासाठी एवढा खटाटोप व्याकरणाच्या अभ्यासकांना सुखावणाराच म्हणायचा!

‘स्माइल्ड नोइंगली’ मध्ये मात्र हेतूचा प्रश्नच नाही. तिथे अर्थ होतो, आतली गोष्ट ठाऊक असल्यासारखे सूचक हसणे.